विलीसरांचा वारस

"सर, बावीस फेब्रुवारीला रोजे सुरू झालेले असतील," वासुदेव म्हणाले. "मग दुपारी बाराला खाण्याचे स्टॉल कसे लावणार?"

विलीसरांचं पेन जागच्या जागी थांबलं. शाळेच्या शेडखालच्या टेबलावर चिंतन दिनाचा आराखडा पसरला होता. जगभरचे स्काउट आणि गाइड एकमेकांची आठवण काढतात तो हा दिवस. नऊ देशांचे नऊ तंबू, प्रत्येकात त्या देशाचा एक पदार्थ आणि मधोमध काठ्या-दोरांची कमान. सगळा बेत फक्कड जमला होता. चोवीस वर्षं दुबईत काढलेल्या माणसाकडून फक्त कॅलेंडर बघायचं राहून गेलं होतं.

"खलास," सर म्हणाले. मग त्यांनी कपाळ चोळलं. "नाही, खलास कशाला? अख्खा प्रोग्रॅम संध्याकाळी नेऊ. पाचला झेंडा. सव्वासहाला अजान झाली की युसुफच्या टोळीतली पोरं सगळ्यांना खजूर वाटतील, आणि मगच स्टॉल उघडतील. नऊ देशांची पोरं एकदम रोजा सोडतील. आणखी काय पाहिजे?"

वासुदेवांनी मान डोलावली आणि डायरीत काहीतरी टिपलं. सरांना मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. मासा गळाला लागत होता.

विली तुस्कानो मूळचे वसईचे. आठवडाभर अल क्वोजच्या एका गोदामात सुपरवायझर आणि शनिवारी स्काउटमास्तर. ते गोदाम मार्चअखेर बंद होणार होतं. साठीला टेकलेल्या माणसाला आता दुसरं कोण दारात उभं करणार, म्हणून नवरा-बायकोने एप्रिलमध्ये वसईला परतायचं ठरवलं होतं. नोकरीचं सरांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. जीव अडकला होता तो पथकात. शाळेने स्पष्ट सांगितलं होतं, नवा मास्तर मिळाला नाही तर अठ्ठावीस मुलांचं पथक बंद करावं लागेल.

नोव्हेंबरातल्या पालकसभेत त्यांनी सगळं मोकळेपणाने सांगितलं, तर एकजात सगळे बाप मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. त्यांनाही काय बोलणार? आठवडाभर राबलेली माणसं ती. शनिवारी मुलाला गेटवर सोडतात तेव्हा गाडीचा एसीसुद्धा बंद करत नाहीत.

पण त्यानंतरच्या शनिवारी एक बाप गाडीतून चक्क खाली उतरला. वेदचे वडील, वासुदेव. पुढच्या शनिवारीही उतरले. हमरिया फ्री झोनमधल्या कुठल्याशा कंपनीत काम करायचे आणि बोलायचे मोजकंच. सरांनी त्याच दिवशी त्यांना मनोमन हेरून ठेवलं.

माणूस भाषणाने तयार होत नाही, कामाने होतो, हा सरांचा जुना हिशेब. त्यांनी आधी वासुदेवांना दोर मोजायला दिले. मग तंबूंची यादी दिली. मग कमानीची बांधणी शिकवायला घेतली. ती दर वेळी सुटायची, आणि वेद लांबूनच "पापा, नॉट लाइक दॅट" म्हणायचा. सर मात्र कधी हसले नाहीत. नवं रोपटं आहे, जपायला हवं.

प्रश्न विचारण्यात वासुदेवांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"दोन मुलं भांडली तर काय करता?"

"दोघांना मिळून एकच तंबू उभारायला देतो. उभा राहीपर्यंत दोस्ती होते."

"उन्हात कोणी चक्कर येऊन पडलं तर?"

सरांनी वेदला आडवा पाडून सगळा प्रथमोपचार करून दाखवला.

"भाषा किती येतात तुम्हाला?"

"हिंदी, इंग्लिश, उर्दू. मल्याळम भांडणापुरती आणि अरबी लाडीगोडीपुरती."

एकदा तर त्यांनी बीपी आणि शुगरचीही चौकशी केली. गड्याने दगदगीचा धसका घेतलेला दिसतोय, असं सरांना वाटलं. "अहो, मी रोज पाच किलोमीटर चालतो," ते म्हणाले. "पोरांच्यात राहिलं की माणूस आजारी पडत नाही. तुमचंही तसंच होईल."

घरी त्यांची बायको ॲडेलिन कार्टन भरत होती. "हो म्हणाले का ते?"

"म्हणतील. घाई केली तर पळून जातील."

"विली, तिकिटं काढायचीत."

"चिंतन दिन होऊन जाऊ दे."

बावीस तारखेला कमान ताठ उभी राहिली. अजान झाली, खजूर वाटले गेले, आणि मुलांनी स्काउटांच्या रीतीप्रमाणे एकमेकांशी डावा हात मिळवला. मग तंबूतंबूंतून अशी झुंबड उडाली की विचारू नका. वासुदेव बाह्या सरसावून पाणी वाटत होते. त्यांच्याकडे बघून सरांना भरून आलं. इतकं समाधान त्यांना कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी वासुदेवांना तंबूंच्या मागे नेलं. "वासुदेवजी, आता स्पष्टच बोलतो. गेले तीन महिने मी तुम्हाला तयार करत होतो. हे पथक तुम्ही घ्या."

"सर, ते मला जमणार नाही."

"पण तुम्ही दर शनिवारी आलात. एवढं बारीकसारीक विचारलंत."

"साठीचा माणूस घ्यायला आमचा मालक तयार नव्हता. त्याला पटेल असं काहीतरी दाखवायला हवं होतं." वासुदेवांनी आवाज खाली आणला. "आमच्या चारशे कामगारांची देखभाल करायला माणूस पाहिजे, सर. मी नोव्हेंबरपासून तुमचा इंटरव्ह्यू घेत होतो. शुक्रवारी मालकाने तुमच्या नेमणुकीवर सही केली. आणि शनिवारी आम्हाला सुट्टी असते."