बत्तिसावं माणूस

तेरच्या धनगराचा बिभीषण लढाईत फौजेचं विमान चालवून परतला आणि हैदराबादेत प्रवासी विमानांच्या कंपनीत नोकरी मागायला गेला.

साहेबांनी अर्ज वाचला. "ब्रह्मदेशातून पळालेली माणसं चढवली एकतीस आणि उतरवली बत्तीस? मोजता न येणाऱ्याच्या हाती विमान कसं द्यायचं?"

"साब, मेंढरं मोजतच वाढलोय आमी. सकाळी सोडताना आन् सांजच्याला कोंडताना. कधीमधी एखादं जास्त भरतंय."

"आकडा खोडा, नाहीतर नोकरी विसरा." साहेबांनी दौत पुढं सरकवली.

बिभीषणानं अर्ज उचलून खिशात घातला.

"नोकरी ऱ्हाऊ द्या. वर ढगात जलमलेली पोर हाय ती, साब. तिला म्या खोडणार न्हाय."