पन्नीचं घर

सुगंधाबाईनं पहिला खड्डा गुडघाभर खणला आणि सब्बल बाजूला टाकली.

सिंदेवाहीच्या प्रशिक्षणात साहेब ज्याला हरितगृह म्हणाले, त्याचं नाव गावानं एका दिवसात ‘पन्नीचं घर’ करून टाकलं. बांबूचे सोळा खांब, वर कमानी, त्यावर प्लास्टिकची पन्नी नि आत मिरचीची रोपं. काम चार गड्यांचं. पण सुगंधाबाईनं एकालाही हाक मारली नव्हती. नवरा मुखरू जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि गावात विधवेच्या हातून पहिली मेढ कुणी गाडू देत नाही. तिला ही मेढ स्वतःच्याच हातानं गाडायची होती. हट्ट म्हणा हवं तर!

न बोलावता आला तो तिचा धाकटा दीर हेमराज. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हातात नारळ. गावात काहीही उभं राहायचं असलं की हा हजरच.

"काय वयनी, मले सांगतलं बी नाई? सरका. पयली मेढ मी गाडतो."

"काऊन? माह्ये हात मोडले का?"

"तसं नाई. पन चांगल्या कामाले..." हेमराज अडखळला. "रीत असते न."

"ते लग्नाच्या मांडवाची. हे मिरचीचं घर होय."

"मेढ ते मेढच."

सुगंधाबाईनं ओला, वजनदार बांबू कवेत घेतला आणि खड्ड्यात सोडला. तो कलला नि तिचं कोपर सोलून गेला. हेमराज पुढे झाला.

"हात लावू नका!"

मग खांद्यानं बांबू रेटायचा आणि पायानं माती लोटायची, अशी तिची कसरत सुरू झाली. हेमराजला हसू आवरेना. बाईनं खड्ड्यात दगड ठोकले, माती चेपली आणि हात सोडला. बांबू उभा राहिला. जरा तिरपा, पण उभा.

"पयलीच तिरपी," हेमराज म्हणाला. "आता पुढचं सारं तिरपंच जाते. म्हनून म्हनत होतो, शुभ हातानं..."

सुगंधाबाईचं डोकंच फिरलं. पण धानाच्या बांधीच्या पलीकडच्या धुऱ्यावर तिची लेक चंचल पिशव्यांत माती भरत बसली होती. तिच्याकडे एकदा बघून बाईनं आवाज खाली आणला.

"भाऊजी, चंचलच्या लग्नात मले चुलीपाशी बसवलं. मेढीवर माही सावली बी पडू देल्ली नाई. तुमीच गाडली, तुमच्या शुभ हातानं. एकदम सरळ होती."

हेमराज नारळ या हातातून त्या हातात करू लागला.

"पोरगी तिसऱ्या महिन्यात वापस आली."