शेवटचा नंबर

फौजेच्या सिग्नल विभागात असलेल्या पूर्णिमाने एक प्रणाली बनवली होती. सीमेवर हालचाल वाढली की मोहिमेचे संदेश आपोआप पुढे जात आणि जवानांचे घरचे फोन मागे थांबत.

"म्हणजे बनवलं तूच, अन् आपलाच नंबर शेवटी?" बुऱ्हानपुरातून बाबा कुरकुरले. उत्तर येण्याआधीच तिचा चेहरा स्क्रीनवर अडकला.

पुढचा आठवडाभर तो असाच अडकत राहिला.

आज मात्र व्हिडिओ कॉल एकदाही तुटला नाही. तिने ताटातली भाजीसुद्धा दाखवली. फोन ठेवून बाबा तडक शनवारा चौकात गेले, मावा जिलेबी आणली आणि शेजारच्या निर्मलावहिनींच्या दारात उभे राहिले.

"काय भाऊ, पोरीचं प्रमोशन झालं का?"

"नाही हो. आज सीमेवर कोणालाच घाई नव्हती."