चालणाऱ्या फांद्या

अख्ख्या स्वीडनमध्ये हे कुणाला खरं वाटणार नाही, पण बर्फात रोवलेल्या फांद्या चालताना मी याच डोळ्यांनी पाहिल्यात.

समुद्र गोठला की आमच्या बेटापासून समोरच्या किनाऱ्यापर्यंतची वाट आम्ही हिरव्या फांद्या रोवून आखतो. बर्फ खालून विरघळायला लागला, की ज्याची पाळी असेल त्यानं त्या उपटून पक्क्या बर्फावर न्यायच्या. त्या मार्चात पाळी माझी होती. सकाळीच जाऊन मी एकूण एक फांदी हलवली. मागे वळून बघतो तर काय! चर्चला निघालेल्या म्हाताऱ्यांसारख्या सगळ्या लुटुलुटु चालत जुन्या जागी परत! समोरून आमच्याकडे निघालेला याल्मार त्यांच्याच भरवशावर चालत आला आणि बर्फाखाली गेला.

"हाक नाही का मारलीत फांद्यांना?" जाळ्यातून हेरिंग मासे सोडवता सोडवता एस्किलनं विचारलं.

"मारली की! पण फांद्यांना कान कुठे असतात?"

सगळे हसले. वीस वर्षं हसतायत. याल्मारची बायको आल्फहिल्ड तेवढी कधी हसली नव्हती. आज तिनं हातातलं जाळं खाली ठेवलं.

"भाऊजी, तुमचा एकुलता एक बुटांचा जोड आमच्याकडे दुरुस्तीला होता. दोन दिवस खपून त्यांनी तो शिवला आणि तोच पाठीला बांधून ते तुमच्याकडे निघाले होते. मग तुम्ही सकाळी बर्फावर गेलात, ते काय अनवाणी?"