खालून बघितलेला मॉनिटर

विलिसोनीनं दुकानाच्या फरशीवर सरळ मांडी ठोकली. टेबलांवर ओळीनं मॉनिटर पेटलेले, आणि हा पन्नाशीचा, थोराड देहाचा माणूस खालून मान वर करून एकेकाकडे बघतोय.

"चक्कर आली का यांना?" दुकानदारानं घाबरून विचारलं.

"चक्कर मलाच येणार आहे आता," नायकर म्हणाले. ऑफिस त्यांचं. सुवा शहराच्या बंदरातून बेटाबेटांवर जाणाऱ्या बोटींची तिकिटं ज्या प्रोग्रॅमवर विकली जातात, तो त्यांच्याकडे लिहिला जातो, आणि त्या कामात विलिसोनीचा हात धरणारा अख्ख्या सुवात कोणी नाही. म्हणून तर निवड त्याच्यावर सोपवलेली. "अहो विलिसोनी, उठा की! मॉनिटर घ्यायला आलोय, चटई नाही. तो बाकदार मोठा बघा, काय झकास दिसतोय."

"समोरून सगळेच झकास दिसतात," विलिसोनी म्हणाला आणि बूड न उचलता पुढच्या टेबलाकडे सरकला.

दाराशी लितियाना उभी होती. खोकी उचलायला आली होती. तिच्यासाठी मॉनिटर नव्हता, कारण शुक्रवारी तिचा शेवटचा दिवस. शिकाऊ म्हणून लागली होती. विलिसोनीशेजारी बसून त्याच्याच स्क्रीनवर काम शिकायची. पोरगी हुशार, कष्टाळू. पण चुका अशा, की डोक्याला हात लावावा! विलिसोनी दाखवायचा, ही लाल ओळ मी काढली, ही हिरवी नवी घातली. "कळलं?" "हो, मामा." आणि ही बया काढलेली ओळच परत घालून ठेवायची. मागच्या आठवड्यात त्यापायी एकेका जागेवर दोन-दोन माणसांना तिकिटं गेली आणि धक्क्यावर हमरीतुमरी झाली. नायकरांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, बास झालं. लाऊ बेटांवर आई आणि धाकटी भावंडं तिच्याच जिवावर होती. आईला तिनं अजून कळवलं नव्हतं.

विलिसोनी कोपऱ्यातल्या एका मॉनिटरपुढे थांबला. "हे आपल्या ऑफिसातलंच मॉडेल ना?"

"तेच. जुनं झालं. कोणी विचारत नाही आता," दुकानदार म्हणाला.

विलिसोनीनं खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्याला दिला. कालचंच काम स्क्रीनवर आलं. "नायकर, या. बसा इथं."

"खाली? पँटची इस्त्री मोडेल माझी!"

"मोडू दे. बसा."

नायकर कण्हत बसले.

"आता सांगा, लाल ओळ कुठली आणि हिरवी कुठली?"

नायकरांनी डोळे बारीक केले. मान वाकडी केली. "कसली लाल न् कसली हिरवी? दोन्ही राखाडीच दिसतायत." ते उठून उभे राहिले, तर लाल लाल, हिरवी हिरवी. पुन्हा बसले. पुन्हा राख.

"काल माझा चष्मा खाली पडला," विलिसोनी म्हणाला. "उचलायला वाकलो, वर बघितलं, तर दोन्ही ओळी राखाडी. लितियाना रोज इथूनच बघते हो."

तेव्हा कुठे नायकरांच्या डोक्यात उजेड पडला. बेटांवरची रीतच तशी, वडीलधाऱ्या माणसापेक्षा उंच बसायचं नाही. त्याच्या डोक्यावरून हात न्यायचा नाही. न्यावाच लागला तर आधी 'तुलोऊ' म्हणून माफी मागायची. लितियानाला हे बाळकडूच मिळालेलं. खुर्ची दिली तरी ती बुटक्या स्टुलावरच बसायची. आणि विलिसोनीही त्याच वळणाचा, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं.

"अगं, मग दिसत नाही म्हणून सांगायचं नाही का?" नायकर तिच्यावर खेकसले.

लितियानाचे डोळे भरून आले. "मामा एवढं जीव तोडून शिकवत होते. त्यांना नाही कसं म्हणू?"

विलिसोनीनं एक साधाच, चपटा मॉनिटर निवडला. खालून बघा, बाजूनं बघा, रंग तसूभर हलत नव्हता. ऑफिसात जेवढी माणसं कायम होती, तेवढे घेतले. खरंच सांगतो, असा निवडणारा मिळायला भाग्य लागतं.

नायकर मात्र नायकरच. "मॉनिटरनं रंग दिसतील, अक्कल नाही दिसणार. उद्या मी स्वतः मागे उभा राहतो. पुन्हा नुसतं हो हो करून घोळ घातला, तर शुक्रवार म्हणजे शुक्रवार."

दुसऱ्या दिवशी नवा मॉनिटर लागला. लितियाना नेहमीसारखी स्टुलावर. मागे हाताची घडी घालून नायकर. तिकिटांच्या घोळावरची दुरुस्ती विलिसोनीनं स्वतः लिहून आणली होती.

"ही लाल ओळ गेली, ही हिरवी आली. बोटीत जागा उरली असेल तरच तिकीट विकायचं. कळलं?"

नायकरांनी स्क्रीन वाचली आणि मान डोलावली. त्यांना सगळं ठीक वाटलं.

लितियाना बघत राहिली. नेहमीचं 'हो' काही येईना. तिनं एकदा विलिसोनीकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे. मग ती स्टुलावरून उठली.

"तुलोऊ, मामा," ती म्हणाली. हात तिनं विलिसोनीच्या डोक्यावरून पुढे नेला आणि हिरव्या ओळीवर बोट टेकवलं. "नाही. इथं तुम्ही उरलेल्या जागा 'शून्य किंवा जास्त' असं लिहिलंय. बोट भरली तरी तिकीट विकलं जाईल."

विलिसोनीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओळ वाचली. मग असा खदाखदा हसला की टेबलावरचा चहा हिंदकळला.

नायकरांनी हाताची घडी सोडली.

"विलिसोनी," ते म्हणाले, "आपण एक मॉनिटर कमी आणलाय."