पाण्याच्या बाजूनं

“तू शेतांच्या बाजूनं चालव,” बाबा म्हणाले.

“नाही. शेतांच्या बाजूनं तुम्ही, पाण्याच्या बाजूनं मी,” सुखदा म्हणाली, आणि त्यांनी पुढे काही बोलायच्या आत तिनं सायकल उजवीकडे घातलीसुद्धा.

खाडीचा बांध सरळसोट होता. उजवीकडे पाणी आणि खारफुटी, डावीकडे जिथवर बघावं तिथवर खाजणाची सपाट, खारवट शेतं. चढ नाही, उतार नाही, हॉर्न नाही. पुनावळ्यात सोसायटीच्या फाटकाबाहेर सायकल काढली की लगेच डंपर मागे लागतो. इथे मागे लागायला कुत्रंसुद्धा नव्हतं. दहावीतल्या मुलीला याहून जास्त काय हवं? एरवी सुखदानं हात सोडून चालवली असती, बेसूर गाणी म्हटली असती. आज मात्र ती दोन्ही हातांनी हँडल धरून, बाबांवर लक्ष ठेवून चालवत होती.

कारण बाबांची नजर चालली होती.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या आठवड्यात दोघं निगडीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते, ती चष्म्याच्या नंबरासाठी आणि बाबा कंपनीच्या तपासणीसाठी. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि बाबांना आत ठेवून घेतलं, ते कितीतरी वेळ. त्याच संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्यांमधून स्वयंपाकघरातलं बोलणं तिच्या कानावर आलं.

“आधी कडेचं दिसायचं बंद होईल. मग हळूहळू मधलंही. औषध नाही म्हणाले.”

आईनं गॅस बारीक केला. मग म्हणाली, “सुखदाला?”

“इतक्यात नको.”

बाबा चाकणला एका कंपनीत क्वालिटीत होते. पार्टवरचा केसाएवढा ओरखडा शोधायचा, हेच त्यांचं काम. आता बोला. आणि त्या संध्याकाळपासून त्यांचे डोळे तर सारखे लाल. विचारलं की म्हणायचे, काहीतरी गेलंय डोळ्यात. आज पहाटे सायकली टपावर बांधून इकडे येताना गाडीसुद्धा आईनंच चालवली. बाबांची रात्रपाळी झालीय, हे कारण. आता ती पुढे बांधाच्या टोकाला गाडी लावून थांबली होती.

“आईनं घाटात काय गाडी मारली ना,” सुखदा मुद्दाम हसत म्हणाली. “माझे तर देव आठवून झाले सगळे.”

“मी डोळेच मिटून घेतले होते,” बाबा म्हणाले.

तिला हसू आलं नाही. बाबांनाही नाही.

थोडं पुढे गेल्यावर समोर एक पाटी आली. “काय लिहिलंय गं त्यावर?” बाबांनी विचारलं.

“बांधावर गुरे सोडू नयेत.”

“वाचता आलं तुला,” बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की सुखदाला भडभडून आलं. बिचारे. आता दुसऱ्याला दिसतंय, यातच आनंद मानायची वेळ आली होती त्यांच्यावर.

“आणि तो खंड्या बघ, खांबावर.”

तिनं मान वळवून पाहिलं. खांब होता, नुसताच. म्हणजे आता नसलेलंही दिसायला लागलं होतं त्यांना.

“हो की,” ती म्हणाली. “काय निळा आहे.”

“अजून बसलाय?”

“बसलाय ना.”

बाबांनी पायडल मारायचं थांबवलं. त्यांची सायकल आपोआप मागे पडली. त्यांना सांभाळावं म्हणून ती वळून बघायला गेली आणि हँडल कशावर तरी दाणकन आपटलं. सायकल एकीकडे, ती एकीकडे. बांधाच्या कडेचा दगडी खुंटा. तिच्या कमरेएवढा, वर चुना फासलेला.

“हा मधेच कुठून आला,” गुडघा झाडत ती म्हणाली.

बाबा धावत आले. गुडघा त्यांनी रुमालानं पुसला.

“एवढं काय बाबा. धांदरट आहेच मी. शाळेत तर रोज बाकांवर आपटते, श्रद्धा मला बुलडोझर म्हणते.”

“रोज?”

“जवळजवळ.”

बाबा तिच्यासमोर खाली बसले, पाठ खुंट्याला टेकून. त्यांनी चष्मा काढला आणि मनगटानं डोळे पुसले. आपल्या बाबांना असं बसलेलं सुखदानं कधीच पाहिलं नव्हतं. मग मात्र तिला राहवेना.

“बाबा, मला माहितीये.”

“काय?”

“डोळ्यांचं. त्या दिवशी ऐकलं मी सगळं. आधी कडेचं जाणार, मग मधलं.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

“आणि इतके दिवस तू हसत होतीस?”

“मग काय, रडत बसू? रडून थांबणारे का ते? आपण तिघं आहोत ना. पाट्या वाचायच्या, रस्ता ओलांडायचा, सगळं जमवू. एकट्यानं नाही करायला लागणार काही.”

बाबांच्या तोंडून एक विचित्र आवाज आला, खोकल्यासारखा. “एवढी धीराची कधी झालीस गं,” ते म्हणाले. “मी तर कोलमडलोय पार.”

“तुम्ही कोलमडणारच की. साहजिक आहे.”

ते तिच्याकडे बघतच राहिले. काहीतरी जुळत नव्हतं त्यांना. कपाळावर आठी पडली, मग ती हळूहळू विरली, आणि चेहऱ्यावरचा उरलासुरला रंगही उतरला.

“सुखदा,” त्यांनी अगदी हळू विचारलं, “आई कुठाय?”

“कुठे म्हणजे? गाडीपाशी. चहा काढून वाट बघत असेल.”

बाबांनी तिच्या खांद्यापलीकडे पाहिलं. सुखदाच्या डाव्या खांद्याशी, हातभर अंतरावर, बांगड्या किणकिणल्या.

“मी इथंच उभी आहे गं,” आई म्हणाली. “तू पडलीस तेव्हाच धावत आले.”