खालची ओळ

"आता खालच्या ओळीला हात लावू का?" कारागिराने मोठ्या आवाजात विचारलं. दिवसभर यंत्राच्या घरघरीत राहून त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो सगळ्यांशीच ओरडून बोलायचा.

काळ्या दगडावर वरचं कोरून झालं होतं. नाव आणि दोन तारखा. दोन्हींमध्ये पुरती चार वर्षंही नव्हती. खाली पांढऱ्या पेन्सिलीने एक ओळ आखलेली होती : 'ज्याचे होते त्याने नेले.' ही ओळ इतक्यांदा लागायची, की कारागिराने तिचा पत्र्याचा छापाच कापून ठेवला होता. दगडावर धरायचा, पेन्सिल फिरवायची, की झालं.

चर्चचे म्हातारे पाळक काठीवर भार देऊन उभे होते. चाळीस वर्षं मंडळीतल्या प्रत्येक कबरीपाशी त्यांनीच ही ओळ म्हटली होती. आजचा दगड त्यांच्या नातीचा होता.

"लाव," ते म्हणाले.

"थांबा," त्यांची सून म्हणाली.

ती मघापासून दाराशीच उभी होती. एकटीच आली होती. दगडाचं नाव काढलं की तिचा नवरा उठून दुसऱ्या खोलीत जायचा. ती पुढे आली, बादलीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि 'नेले' पुसून टाकलं.

कारागिराने दोघांकडे पाहिलं आणि कोपऱ्यातलं यंत्र बंद केलं.

"अगं, असं काय करतेस?" पाळक हळू आवाजात म्हणाले. "देणाराही तोच, नेणाराही तोच. हे एकदा मानलं की माणसाला जरा उभं राहता येतं."

"मला नाही राहता येत, बाबा. प्रार्थनेला बसते आणि जीभच उचलत नाही. ज्याने माझी मुंगी उचलून नेली, त्याच्याकडे मागू तरी काय?"

घरात सगळे त्या मुलीला मुंगीच म्हणायचे. साखरेचा डबा कुठेही लपवा, तिला तो बरोबर सापडायचा.

"मग कोणी नेलं तिला?"

"तापाने नेलं." तिने ओली बोटं घट्ट मिटली. "बाबा, त्याचा स्वतःचा मुलगा क्रुसावर गेला ना? डोळ्यांदेखत? तुम्हीच शिकवलंत मला. ते दुःख ज्याला ठाऊक आहे, तो दुसऱ्याचं लेकरू कसं हो नेईल?"

पाळकांकडे उत्तर कायम तयार असायचं. आज ते नुसतेच शेजारच्या फरशांच्या थप्पीवर बसले.

"मग त्या दिवशी तो कुठे होता?" त्यांनी विचारलं. त्यात परीक्षा घेणं नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"मला काय ठाऊक? पण दवाखान्यात सगळे उभे होते. डॉक्टर, नर्स, हे, मी. तुम्ही एकटे खाली फरशीवर बसला होतात, तिचं पाऊल हातात धरून. गुडघे दुखतात म्हणून तुम्ही प्रार्थनेलाही खुर्ची घेता. त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, बाबा. नुसते रडत होतात." ती थांबली. "देवही तसा असेल, तर मला बोलता येईल त्याच्याशी."

पाळकांनी चष्मा काढला. पुसायला खिशात रुमाल सापडेना, तेव्हा तो तसाच हातात धरून बसून राहिले. मग उठले, अख्खा पंजा बादलीत बुडवला आणि उरलेली ओळ पुसून काढली. पांढुरकं पाणी दगडावरून ओघळून त्यांच्या चपलेवर पडलं.

"मग खाली काय टाकू?" कारागिराने विचारलं. "मोकळं सोडलं तर दगड ओकाबोका दिसेल."

"'आमची' एवढंच लिहा," सून म्हणाली.

"आमची म्हणजे? घरच्यांची नावं घालायची का? जागा भरपूर आहे."

"नावं नकोत. जे जे तिच्यासाठी रडले, त्या सगळ्यांची ती."

"मग त्यात तोही आला," पाळक म्हणाले.

सुनेने मान डोलावली. कारागीर दगडाशी उकिडवा बसला आणि हाताने तीन अक्षरं आखू लागला. पत्र्याचा छापा भिंतीला टेकलेला होता. पाळक त्याच्याकडे बघत होते.

"ही ओळ आजवर किती दगडांवर कोरलीस रे?"

"मोजले नाहीत, पाळकसाहेब. पण हा तिसरा छापा. आधीचे दोन झिजले."

बाहेर पडल्यावर सुनेने त्यांचा हात धरला. दोघं चालत राहिली. घराचं वळण आलं, तरी पाळक सरळच निघाले.

"बाबा, घर इकडे."

"तू हो पुढे. ती शिवणकाम करते ना, कोपऱ्यावरच्या घरात, तिच्याकडे जाऊन येतो. दोन मुलं गेली तिची. दोन्ही वेळा मी उभ्या उभ्या ती ओळ म्हणालो आणि निघून आलो."

"आता काय सांगणार तिला?"

"सांगायचं काही नाही," पाळक म्हणाले. "बसू देते का, बघतो."